रोडस्टर आत्ता घ्यावी की थांबावं? नाशिकमध्ये राहून करायचा हिशेब

दोन सीटची, छत उघडणारी गाडी घ्यायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "आणि आईंना कुठे बसवणार?" दुसरा सासरेबुवांचा, "एवढ्या पैशात फॉर्च्युनर घेऊन वर प्लॉटचं टोकन दिलं असतं." दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींना उत्तर नाही. रोडस्टर ही गरजेची गाडी नव्हेच. तेव्हा घ्यावी की नाही, हे ज्याचं त्याने घरी मिटवावं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, ज्यांचं घ्यायचं पक्कं आहे, पैसे आहेत किंवा यंदाच्या हंगामात येणार आहेत, पण आत्ता घ्यायची की वर्ष-दोन वर्षं थांबायचं, इथे गाडं अडलंय.

माझं मत आधीच सांगतो. थांबायचं असेल तर थांबण्याला तारीख हवी. "पुढे स्वस्त होईल", "नवीन मॉडेल येतंय म्हणे" ही कारणं तारखेशिवाय आली की पाच वर्षं अशीच निघून जातात. कर, मॉडेल, रस्ते आणि स्वतःचे पैसे या चार गोष्टींपैकी नक्की कशासाठी थांबतोय ते एका कागदावर लिहा आणि शेजारी महिना-वर्ष टाका. ज्या ओळीसमोर तारीख लिहिता येत नाही, ती ओळ खोडा.

आधी बाजारात काय आहे ते बघा

खऱ्या अर्थाने दोन सीटच्या उघड्या गाड्या आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. जगभर ज्या गाडीच्या नावाने रोडस्टर ओळखली जाते ती माझदा एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकलीच जात नाही, त्यामुळे तिचे व्हिडिओ बघून मन तयार केलं असेल तर आताच आवरा.

पेट्रोलमध्ये बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय: ३ लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क. २०२५ मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सची आवृत्तीही आली, तेव्हाची किंमत ९८ लाखांच्या आसपास, एक्स-शोरूम. पण २०२६ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबवण्याचं कंपनीने आधीच जाहीर केलेलं. पोर्श ७१८ बॉक्स्टरच्या पेट्रोल गाड्यांचं उत्पादन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये संपलं. म्हणजे या दोन्हींत नवी कोरी गाडी मिळाली तर ती शिल्लक साठ्यातलीच.

विजेवरची एमजी सायबरस्टर २५ जुलै २०२५ ला ७४.९९ लाखांना आली. ७७ किलोवॅट-तासांची बॅटरी, ५१० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच एकक), चारही चाकांना ताकद, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत, आणि वर उघडणारे दरवाजे. हे दरवाजे कॉलेज रोडवर गर्दी जमवतात. पावसात उघडले की सीट आणि तुम्ही दोघंही भिजता.

ज्यांना हवाच खायची आहे पण खिशात तीन-साडेतीन लाख आहेत त्यांच्यासाठी एक आडवळण. दुचाकीतही रोडस्टर हा प्रकार आहे आणि तिथे सगळा खेळ ३५० सीसीच्या रेषेवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. ३९८ सीसीचं इंजिन असलेली ट्रायम्फ स्पीड ४०० आणि रॉयल एनफील्ड गुरिल्ला ४५० रेषेच्या वर, हंटर ३५० खाली. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही रेषा ओलांडली की ७,३६५ वरून १५,११७ रुपयांवर जातो. शिवाय समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी. दुचाकीचा निर्णय एवढ्यावर एका आठवड्यात होतो. त्यासाठी वर्षभर थांबण्याचं काही कारण मला दिसत नाही. चारचाकीचं मात्र सोपं नाही.

कराचा हिशेब: थांबण्याचं एकमेव भक्कम कारण

युरोपात बनून पूर्ण तयार अवस्थेत येणाऱ्या महागड्या गाडीवर आतापर्यंत ११० टक्के आयात कर लागत आला. त्यावर जीएसटी, आणि मग आरटीओ. हा कर उतरायची शक्यता पहिल्यांदाच खरी झाली आहे. ब्रिटनशी व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ ला झाली. युरोपच्या करारात गाड्यांवरचा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत यायचा आहे, पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात.

याने किती फरक पडतो ते धरलेल्या आकड्यावर बघू. गाडी बंदरात उतरताना तिची किंमत २५ लाख आहे असं समजा.

जुना कर: २५ लाखांवर ११० टक्के म्हणजे २७.५ लाख. बेरीज ५२.५ लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी धरला की ७३.५ लाख.

कर ३० टक्क्यांवर आला तर: २५ अधिक ७.५, म्हणजे ३२.५ लाख. जीएसटी धरून ४५.५ लाख.

फरक २८ लाखांचा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहन कर आहे, त्यामुळे आरटीओतही साडेतीन लाखांहून जास्त वाचतात. डीलरचा नफा, वाहतूक, विमा हे मी धरलेलं नाही, आणि कंपनी वाचलेला सगळा पैसा गिऱ्हाइकाला देईल असं समजणं भाबडेपणाचं. निम्मा दिला तरी रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

मग थांबायचंच, नाही का? इथे तीन गाठी आहेत. पहिली, कर कमी झाला तरी ज्या गाडीचं उत्पादनच थांबलंय ती कशी येणार? झेड४ ऑस्ट्रियात ग्राट्सला बनायची आणि बॉक्स्टर जर्मनीत. दोन्ही युरोपातल्या, दोन्ही सवलतीच्या रांगेत, पण रांग पुढे सरकेपर्यंत गाड्याच संपल्या. दुसरी, विजेच्या गाड्यांना युरोपच्या करारात पहिली पाच वर्षं सवलत नाही. आणि सायबरस्टर चीनमध्ये बनते, तिचा या दोन्ही करारांशी संबंधच नाही. तिसरी, कर कोणत्या दराने लागणार हे गाडीचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टममधला कागद) दाखल होण्याच्या तारखेवर ठरतं. जुना कर भरून गोदामात उभी असलेली गाडी आपोआप स्वस्त होत नाही. डीलर ती सूट देऊन खपवतो. ती सूट हीच तुमची संधी.

म्हणून या टप्प्यावर एवढंच करा. डीलरला तोंडी विचारू नका, मेलवर दोन प्रश्न टाका: या गाडीचं बिल ऑफ एंट्री कोणत्या तारखेचं, आणि बुकिंगनंतर कर उतरला तर बिल कोणत्या दराने होणार? "सर, ते कंपनीच्या पॉलिसीवर आहे" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ नुकसान तुमचं, असा घ्यावा.

विजेच्या गाडीचं गणित उलटं. जीएसटी ५ टक्के. महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणात वाहन कर माफ, आणि हे धोरण ३१ मार्च २०३० पर्यंतचं. ७५ लाखांच्या पेट्रोल गाडीला १३ टक्क्यांनी ९ लाख ७५ हजार रुपये मोजावे लागतात, इथे शून्य. पण सरकारचा हात या माफीकडे एकदा वळलाही होता: २०२५ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तेव्हा विजेची रोडस्टर घ्यायची असेल तर कर कमी होईल म्हणून थांबणं म्हणजे उलट जोखीम घेणं. कमी व्हायला तिथे काही उरलेलंच नाही.

नव्या मॉडेलची वाट

टेस्लाने नवी रोडस्टर नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली. २०२० ला देणार म्हणाले. ५०,००० डॉलर भरून लोकांनी नावं नोंदवली. पहिल्या विशेष मालिकेसाठी तर पूर्ण अडीच लाख डॉलर. २०२५ संपलं तरी एकही गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचलेली नव्हती. ज्याने २०१७ मध्ये साधी बॉक्स्टर घेतली, तो आठ हिवाळे छत उघडून फिरला.

पोर्शचंही तसंच. ७१८ ची पुढची पिढी फक्त विजेवरची असेल असं आधी सांगितलं, मग ती लांबली, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये वरच्या आवृत्त्यांना पुन्हा पेट्रोल इंजिन देणार असं जाहीर झालं. कंपन्यांचंच ठरत नाही, तिथे आपण कॅलेंडर लावून बसण्यात अर्थ नाही.

माझा नियम सरळ आहे: भारतात किंमत जाहीर झालेली नसेल तर ती गाडी माझ्या यादीत नाही.

नाशिकचे रस्ते, नाशिकचं हवामान

इथे जरा बारकाईने बघू, कारण गाडी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नाही, आपल्याच गल्लीत राहणार आहे.

छत किती दिवस उघडेल? दसऱ्याच्या सुमारास पाऊस हटला की फेब्रुवारीअखेरपर्यंत नाशिकची हवा या गाडीसाठीच बनवलेली. निफाडचा पारा एक आकडी झाला तरी हीटर पायावर, काचा वर आणि डोक्यावर आकाश, यासारखं सुख नाही. मार्च ते मे सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. जून ते सप्टेंबर छत बंदच समजा; इगतपुरीकडे तर विषयच नको. म्हणजे वर्षात पाचेक महिने खरे.

त्या पाच महिन्यांतही आपल्या भागाच्या खोड्या आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागांवर फवारणी जोरात असते. रस्त्याकडेला ब्लोअर चालू दिसला की आधीच छत लावून घ्या. झेड४ चं छत १० सेकंदांत आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत बंद होतं, ही सोय तिथे कामाला येते. लासलगावच्या रस्त्याला कांद्याचा ट्रॅक्टर पुढे असेल तर टरफलं थेट मांडीवर. हसू येईल, पण सीटच्या शिवणीत अडकलेली टरफलं काढत बसलं की हसू जातं.

यातून खरेदीची वेळ आपोआप ठरते. डिलिव्हरी दसरा-दिवाळीला घ्यावी. एप्रिल-मेमध्ये घेतलेली गाडी पहिले सहा महिने झाकून उभी राहते आणि विम्याच्या तक्त्यात मात्र तिचं मूल्य उतरत जातं: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०. बाजारात महागड्या गाड्या याहूनही वेगाने पडतात. आयात गाडीला काही महिने लागू शकतात, म्हणून चौकशी जूनमध्ये सुरू करा.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. असा असेल तर रोडस्टरही निवांत जाते, कारण तो गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद आहे आणि गाडी हळूहळू चढते. आपल्याकडे कॉलनीत रातोरात घातलेले डांबराचे उंचवटे असतात: हातभर रुंद, वीतभर उंच. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी उंची) १६३ मिलिमीटर, रोडस्टरचा ११० ते १३० च्या घरात. टेस्ट ड्राइव्हच्या आधी ही चाचणी घरीच करा. ११ सेंटिमीटर उंचीचे दोन लाकडी ठोकळे घ्या. झेड४ च्या चाकांमधलं अंतर २.४७ मीटर, सायबरस्टरचं २.६९ मीटर, तेवढ्या अंतरावर, उंचवटा मधोमध येईल असे ठोकळे ठेवा आणि त्यावरून सुतळी ताणून धरा. सुतळी डांबराला टेकली तर गाडीचं पोटही टेकणार. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प जिथे सपाट होतो, त्या कडेवरही हेच करा. घरापासून रोजच्या चार ठिकाणांपर्यंतच्या रस्त्यात दोन-तीन ठिकाणी सुतळी टेकली तर तुमचा निर्णय झाला, करबिर सगळं विसरा. तिरपी चढवून काही उंचवटे पार होतात, पण मागच्या रिक्षावाल्याला तेवढा धीर नसतो.

सिंहस्थाचं काय? ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृत स्नानं २०२७ मध्ये: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, आणि नाशिकला ११ तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर. गर्दीचे आणि रस्ते बंद असण्याचे दिवस पावसाळ्यातले, तेव्हा छत तसंही बंद. त्यामुळे स्नानाच्या तारखांसाठी थांबायची गरज नाही. खरी अडचण आधीच्या कामांची: खोदलेले रस्ते, खडी, अर्धवट साइडपट्ट्या. तुमचं घर त्र्यंबक रोडला किंवा पंचवटीत असेल आणि दाराशीच काम चालू असेल, तर रस्ता होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. गंगापूर रोडला सरळ बाहेर पडता येत असेल तर हे कारण तुम्हाला लागू नाही.

फायद्याच्या बाजूला समृद्धी आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. कसाऱ्याच्या कंटेनरमागे रांगणं टळलं, आणि राज्याच्या धोरणात विजेच्या चारचाकीला इथे टोलमाफी आहे. पण खरं सांगू? सरळ रस्त्यावर ताशी १२० च्या मर्यादेत रोडस्टर चालवण्यात गंमत नाही, आणि इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात छत उघडं ठेवलंत तर कानही जातील आणि नाकही. ही गाडी वणीच्या बाजूच्या वळणांसाठी, गंगापूर धरणाकडे पहाटे जाण्यासाठी. महिन्यातून दोनदा मुंबईला जायचं म्हणून घेत असाल तर साधी सेडान बघा.

विजेची असेल तर घरची वीज आधी

सायबरस्टरची कागदावरची रेंज भारतीय चाचणीत ५८० किलोमीटर, युरोपच्या चाचणीत ४४४. मी दुसरा आकडा धरतो. नाशिक-मुंबई-नाशिक साधारण ३४० किलोमीटर, म्हणजे जाऊन येणं होतं, पण परतीचा घाट चढ आहे आणि उजवा पाय मोकळा सुटला तर गणित बिघडतं. वाटेत १४४ किलोवॅटपर्यंतचा जलद चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के सुमारे ४० मिनिटांत.

घरी ७.४ किलोवॅटचा चार्जर लावला तर रिकामी बॅटरी भरायला रात्रभर, दहा-अकरा तास. त्यासाठी महावितरणकडे मंजूर भार पुरेसा आहे का ते बिलावर बघा. बऱ्याच फ्लॅटना भार वाढवून घ्यावा लागतो. सोसायटीत मीटरपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार, हे कमिटीकडून लेखी घ्या. गाडी दारात आल्यावर कमिटीची बैठक बोलावली तर पुढचे तीन महिने तुम्ही बाहेरच्या चार्जरवर रांगेत. वीजजोडणी तयार होईपर्यंत बुकिंग करू नका, हे थांबणं मात्र योग्य.

पेट्रोलवरच जीव असेल तर जुनी

माझ्या मते पेट्रोल रोडस्टरचा आजचा खरा मार्ग वापरलेल्या गाड्यांचा आहे. मूल्य आधीच्या मालकाने पाडून दिलेलं असतं, आणि अशा गाड्या बहुधा कमी चालतात. मुंबई-पुण्यात झेड४, बॉक्स्टर, मर्सिडीजच्या एसएलके आणि एसएलसी अधूनमधून निघतात. कमी चालली म्हणजे चांगलीच असं नाही. उभी राहिलेली गाडी वेगळ्या तऱ्हेने खराब होते. टायरवरची चार आकडी तारीख वाचा, त्यात आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी कोरी असली तरी रबर जुनं झालेलं असू शकतं.

छत दहा वेळा उघडबंद करून बघा, आणि गार असताना. २००९ ते २०१६ च्या झेड४ ला पत्र्याचं घडीचं छत आहे, हायड्रॉलिकवर चालणारं. मध्येच अडकलं तर दुरुस्तीचा आकडा डोळे पांढरे करतो. कापडी छत असेल तर घडीच्या रेषेवर बोट फिरवा, मागच्या काचेची कड बघा, आणि सीटमागच्या गालिच्याखाली हात घालून ओल तपासा. पाणी निघून जायच्या नळ्या धुळीने तुंबल्या की पहिल्या पावसात पाणी आत उतरतं. आपल्याकडे धूळ फुकट मिळते.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे. जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणाआड आणि पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा छापलेली असते. ई१० लिहिलं असेल तर रबरी नळ्या, सील याबद्दल अधिकृत वर्कशॉपकडून लेखी मत घ्या.

परराज्यात पासिंग झालेली स्वस्त गाडी दिसली तर थांबा. इथे कायम ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत एमएच पासिंग, म्हणजे एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि पेठ रोडच्या आरटीओच्या चकरा. हा सगळा खर्च धरल्यावर स्वस्ताई उरते का ते बघा. आयात गाडीचं बिल ऑफ एंट्री मूळ मालकाकडे आहे का, हेही विचारा. कागद नसेल तर सौदा नाही.

पैसे आणि नाव

७५ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सव्वापाच लाख व्याज, करापूर्वी. थांबण्याची ही कमाई. उलट ५० लाख कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १ लाख ४ हजार. द्राक्ष-कांद्यातून येणाऱ्या पैशाला दरमहाचा हप्ता मानवत नाही. बँकेला सहामाही हप्ता मागून बघा, नाहीतर हंगाम झाल्यावर निम्म्याहून जास्त रोख भरून घ्या. एका खराब हंगामात हप्ता अडणार असेल तर उत्तर "थांबा" हेच, मग कर किती का उतरेना.

सीए म्हणतील, कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. मिळतो, १५ टक्के. आणि घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. पण कंपनीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात वाहन कर २० टक्के आहे. ७५ लाखांवर ७ टक्के जादा म्हणजे सव्वापाच लाख आधीच गेले. जीएसटीचा परतावा अशा गाडीवर मिळत नाही. आणि दोन सीटची उघडी गाडी सातपूरच्या कारखान्याच्या कामासाठी लागते, हे अधिकाऱ्याला पटवणं तुमच्यावर. विजेच्या गाडीला कर माफ असल्याने तिथे हा फटका बसत नाही.

विम्यात झिरो डेप (दाव्यात भागांची घसरण न कापणारं कव्हर) घ्याच, आणि कापडी छत त्यात धरलंय का हे पॉलिसीत शब्दाने लिहून घ्या. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर एरवी थेट ५० टक्के कापतात, आणि छताच्या कापडाला विमावाले ऐनवेळी काय म्हणतील याचा भरवसा नाही.

बुकिंग आणि डिलिव्हरी

शोरूममध्ये "सर, महाराष्ट्राला दोनच गाड्या आल्यात, एक गेली" हे ऐकायला मिळेल. मिळू द्या. बुकिंग अर्जात तीन ओळी शोधा: रद्द केल्यास किती परत आणि किती दिवसांत, किंमत कोणत्या तारखेची लागू, आणि डिलिव्हरीला उशीर झाला तर काय. तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील तर टोकन देऊ नका. सर्व्हिस कुठे होणार तेही आत्ताच विचारा. वर्कशॉप मुंबई किंवा पुण्यात असेल तर गाडी नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, आणि घाटात बंद पडली तर फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) किती तासांत? बहुतेक रोडस्टरना स्टेपनी नसते, पंक्चर किट असतं. टायरची कड फाटली तर किट कामाचं नाही.

डिसेंबरमध्ये मोठी सूट मिळेल, पण गाडी त्या वर्षाची धरली जाते आणि विकताना वर्ष जातं. सूट त्या घसरणीपेक्षा जास्त असेल आणि तुम्ही सहा-सात वर्षं ठेवणार असाल तर घ्या. तीन वर्षांत विकणार असाल तर जानेवारीच्या बिलासाठी नाही, जानेवारीत बनलेल्या गाडीसाठी थांबा. उत्पादनाचा महिना विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर असतो.

एमएच-१५ चा पसंतीचा नंबर हवा असेल तर बिल होण्याआधी अर्ज करा. नंबरावर लाखभर घालून झिरो डेप टाळणारे लोक आहेत आपल्याकडे, त्यांच्याशी वाद घालू नये.

डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. हार, नारळ, फोटो नंतर. आधी छत उघडून बंद करा, काचा वर करा आणि शोरूमवाल्याला पाण्याचा पाइप आणायला सांगा. दहा मिनिटं छताच्या कडेवर, मागच्या काचेवर आणि दरवाज्याच्या वरच्या रबरावर पाणी मारायला लावा, तुम्ही आत बसा. हातात टिश्यू पेपर ठेवा, रबराच्या कडेने फिरवत राहा. ओला झाला तर सही न करता उतरा.